गुंडीची गुरुवारची अंघोळ

३ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतची खर्चाची चिठ्ठी मिळाली. आधी पत्र वाचलं, मग चिठ्ठी. आणि चिठ्ठी वाचल्यावर पत्र पुन्हा एकदा वाचलं.

इकडे मी बरी आहे. बोगद्याचं काम जोरात चाललंय, म्हणजे आमच्या दवाखान्यातही गर्दी आहे. कुणाच्या डोळ्यात खडीचा कण, कुणाच्या अंगठ्यावर घण. ‘सिस्टर, सिस्टर’ ऐकून कान किटतात. सगळ्या कॅम्पात फोन एकच, तोही साहेबांच्या टेबलावर. त्यावर बोलायचं म्हणजे घरचं सगळं चव्हाट्यावर. म्हणून ही पत्रापत्री.

आता मुद्द्याचं. गुंडीच्या पार्लरचा खर्च थंडी सुरू झाल्यापासून चढतोच आहे. मी तिथे होते तेव्हा महिन्यातून एकदा तिचे केस कापून, नखं काढून आणायची, तेवढ्यावर बाई राजकन्येसारखी मिरवायची. आता दर गुरुवारी ‘विशेष अंघोळ’! ही विशेष अंघोळ म्हणजे काय गं? दुधाने घालतात का? माझे केस मी आरशासमोर स्वतः कापते, आणि माझ्या कुत्रीच्या केसांवर माझा निम्मा पगार जातो. हसू नकोस.

तिला तुझ्याकडे ठेवताना आपलं ठरलं होतं ते आठवतंय ना? अंघोळ, केस, लस, जंतांचं औषध, सगळं माझ्याकडे. मोठं दुखणं आलं तर मात्र ओढत बसायचं नाही, डॉक्टरांकडून शांतपणे सोडवायचं. आईच्या वेळी जे पाहिलं ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही. ते तसं काही नाही ना, तेवढं कळव. दादाला नमस्कार.

राग नसावा, लोभ असावा. दोन्ही जमत नसेल तर निदान पत्र तरी असावं.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

चिठ्ठी काटेकोर लिहिली हीच माझी चूक झाली म्हणायची. मोघम लिहिली असती तर तुम्ही एवढं खोदून विचारलं नसतं.

विशेष अंघोळ म्हणजे औषधी साबणाची. अहो, तिच्या केसांत गाठी होतात. शिवाय गोचिडी. शिवाय पार्लरवालीने दर वाढवलेत. पाण्याचा त्रास आहे म्हणते. शिवाय कातडी कोरडी पडते, त्याला तेल वेगळं. आणि गुरुवार एवढ्यासाठी की गुरुवारी तिथे गर्दी कमी असते. दुखणं वगैरे काही नाही. खाते, जरा थोडं थोडं खाते एवढंच. पाणी मात्र अगदी भरपूर पिते. वाडगं भरून ठेवावं, की तासाभरात रिकामं!

तुम्ही तिला सोडून गेलात तेव्हा मी म्हटलं होतं, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आता ते घोडं माझ्या पायाशी झोपल्याशिवाय मला शिवण सुचत नाही. मशीनचा आवाज थांबला की मान वर करून बघते. फोटो पाठवा म्हणाल, पण फोटो काढायला गेलं की तोंड फिरवते. माहेरचाच गुण.

तुम्ही तब्येतीला जपा. आमच्यावरची माया आहे तेवढी राहू द्या, वाढवायची घाई नाही.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. वाचून झाल्यावर घरी नेऊ नकोस.

वहिनीला मी एकच प्रश्न विचारला, तर पाच उत्तरं आली. गाठी काय, गोचिडी काय, पाण्याचा त्रास काय! खरं बोलणारा माणूस एवढी कारणं देत नाही. चोराच्या मनात चांदणं. मला वाईट वाटतं असं लिहायला, पण पैशाची नड असेल तर तिने सरळ मागावेत. माझ्या कुत्रीच्या नावावर का?

तू रोज घरात असतोस. गुंडी गुरुवारी कुठे जाते, येताना कशी दिसते, एवढंच बघून कळव. वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा आशीर्वाद आहेच. थोडं कान-डोळ्यांचंही साहाय्य असावं.

तुझी,
धाकटी


२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचत होतो, तेवढ्यात तुझी वहिनी डबा घेऊन आली. घाईघाईने किल्ल्यांच्या खोक्यात सारलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोपासून बहिणीचं पत्र लपवायची वेळ आणलीस तू माझ्यावर.

पण तू विचारलंस म्हणून बघायला लागलो, आणि बघायला लागल्यापासून माझीही झोप उडाली आहे. गुरुवारी दुपारी दोघी जातात आणि दिवे लागायच्या सुमारास येतात. गुंडी गेली तशीच झिपरी परत येते. साबणाचा वास म्हणून नाही. केस कापलेत म्हणावं तर पुढच्या एका पायावर चार बोटं रुंदीचा पट्टा, तोही कातडी दिसेपर्यंत साफ! एका आठवड्यात डावा पाय, पुढच्या आठवड्यात उजवा. हे कसलं पार्लर? माझ्या दुकानासमोरचा न्हावी फुकटात याहून बरं कापेल. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली हल्ली अशीच पद्धत आहे.

गेल्या गुरुवारी दुकान अर्धं लोटून मागोमाग गेलो. पार्लर आपल्या चौकात आहे, तुला माहीत आहे. ही चौकातून सरळ पुढे गेली, गुंडीला कडेवर घेतलं आणि बसमध्ये चढली. एवढी धडधाकट कुत्री, चालायला काय झालं होतं तिला? मीही चढणार होतो, पण एक गिऱ्हाईक धावत आलं. किल्ली आत राहून दार ओढलं गेलं होतं आणि चुलीवर दूध. मला जावं लागलं.

आणखी एक. घरात शिलाईचं नवं मशीन आलंय. कुठून आणलंस विचारलं तर नुसती हसली. गुंडीच्या खाण्यात काहीतरी कालवत असते, मी स्वयंपाकघरात शिरलो की वाडग्यावर ताटली ठेवते. मला तर भलभलत्या शंका यायला लागल्यात. स्वतःचं वेगळं काही मांडायच्या बेतात आहे का? मला सोडून जायची तयारी चालली आहे का? असलं लिहवतही नाही.

तिच्या कपाटाला कुलूप आहे. मला ते टाचणीने उघडता येईल. पण जगाची कुलपं उघडणाऱ्याने घरातलं एक तरी कुलूप मानलं पाहिजे, म्हणून हात लावलेला नाही. तू काय ते ठरव.

तुझ्यावरची माया नेहमीसारखीच, फक्त या कामगिरीवर पुन्हा पाठवू नकोस.

दादा


९ मार्च

सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

तुम्ही गुंडीला पार्लरमध्ये नेत नाही, हे मला कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नका. गुरुवारी तुम्ही तिला घेऊन बसने कुठेतरी जाता आणि तिला तशीच अस्ताव्यस्त परत आणता. मग माझे पैसे कुठे जातात? घरात नवं मशीन आल्याचंही कानावर आलं. अभिनंदन.

तुम्ही मागितले असते तर मी एका शब्दाने नाही म्हटलं नसतं. मला पैशाचं दुःख नाही. मुक्या जनावराच्या आडून घेतलेत, याचं आहे. आईच्या आजारात तुम्ही जे केलंत त्यानंतर मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि आता हे असं.

इथल्या स्टोअरकीपरची बहीण कुत्री सांभाळायला ठेवून घेते. महिनाअखेरीस तिचा माणूस येईल. गुंडीला, तिच्या वाडग्याला आणि पट्ट्याला त्याच्या हवाली करावं. यापुढे पार्लरचे पैसे येणार नाहीत.

पत्राच्या शेवटी काय लिहायची रीत आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ते लिहिलं आहे असं समजावं.

आपली नणंद


१० मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कालचं पत्र टपालाच्या जीपमधून गेलं. मी आज जीपमागे धावायची तेवढी बाकी राहिले. ते तुला याच्या आधी मिळेल. त्यातलं पैशांबद्दलचं काही खरं धरू नकोस.

आज सकाळी बोगद्यातून एका कामगाराला आणलं, उलट्यांनी अर्धमेला झालेला. सलाईन लावायची होती. हात असा केसाळ की शीर सापडेना. मी वस्तरा घेतला, चार बोटं जागा साफ केली, आणि तो वस्तरा हातात धरून तशीच उभी राहिले. डॉक्टर ओरडले तेव्हा भानावर आले. दादाने लिहिलं होतं (हो, दादानेच, आता लपवून काय करायचं), एका आठवड्यात डावा पाय, पुढच्या आठवड्यात उजवा.

वहिनी, ती सलाईन आहे. खोटं बोलू नकोस. पाणी भरपूर पिते असं तू कौतुकाने लिहिलंस आणि मी, रोज आजारी माणसांत वावरणारी बाई, ते वाचून साबणाच्या हिशोबाकडे गेले. किडन्या ना? कधीपासून? कुठल्या दवाखान्यात नेतेस? आपले नेहमीचे डॉक्टर सोडून बसने का जातेस?

चोरीचा आळ मी मागे घेते. पण लपवलंस, याचा राग मी मागे घेतलेला नाही. पुढच्या पत्रात सगळं हवंय.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी कुठलं उघडावं ते कळेना. जाड होतं ते उघडलं, ते नेमकं ‘तुम्ही’चं निघालं. मला तुम्ही ‘तुम्ही’ म्हटलेलं लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं. मी ते चुलीत घालणार होते. मग दुसरं वाचलं, आणि दोन्ही ठेवली.

मशीन माझ्या शिवणाच्या पैशातून घेतलंय, जुनंच आहे, फक्त रंग नवा. चौकशा एवढ्या केल्यात तर तेवढी एक करायची होती.

हो, किडन्या. लस द्यायला नेली तेव्हा आपल्या डॉक्टरांना शंका आली. म्हणाले, तुमच्या वन्संना मी कळवतो. मी म्हटलं, नको, मीच लिहिते. घरी येऊन कागद घेऊन बसले आणि तुमची ती अट समोर उभी राहिली, मोठं दुखणं आलं तर ओढत बसायचं नाही. गुंडी तेव्हा खुर्चीखाली माझी चप्पल चावत होती. वन्सं, चप्पल चावणाऱ्या कुत्रीला मारायला कसं सांगू मी? म्हणून डॉक्टर बदलले. दर गुरुवारी तिला सलाईन देतात, रोजची पूड खाण्यात कालवायची असते. तिला लांब चालवत नाही म्हणून कडेवर घेते. पैसे सगळे तिच्याच अंगी लागले, फक्त केसांना लागले नाहीत. पार्लर म्हणून लिहिलं कारण तिच्या नटण्याला तुम्ही कधीच नाही म्हटलं नसतं, आणि औषधाला म्हटलं असतं.

तुमच्या दादांना सांगितलं नाही, कारण किल्लीवाला असून त्यांच्या तोंडाला कुलूप नाही. माझ्या मागावर आले होते ते बसच्या खिडकीतून दिसले मला. खांबाआड उभे होते, आणि पोट सगळं बाहेर. मी सोडून जाईन असं त्यांना वाटलं, हे परवा त्यांच्याच तोंडून निसटलं, तेव्हा मी आधी हसले आणि मग चांगली रडले.

आता आईंचं. तुम्ही दर वेळी म्हणता, आईच्या वेळी जे पाहिलं. तुम्ही काय पाहिलंत? दवाखान्यातून निरोप गेला की तुम्ही यायच्यात. म्हणजे तुम्ही वाईट दिवस तेवढेच पाहिलेत. मधले दिवस माझ्या वाट्याला आले. आई उशीला टेकून माझ्या शिवणातल्या चुका काढायच्या. शेजारणीची नक्कल करून दाखवायच्या. एकदा खिडकी उघडायला लावली आणि पलीकडच्या गच्चीवरचं भांडण संध्याकाळपर्यंत ऐकलं, जेवल्यासुद्धा नाहीत. तुम्ही ज्याला ओढणं म्हणता त्यात हे सगळं होतं. शेवटी हाल झाले, नाही म्हणत नाही. पण हाल व्हायच्या आधीचे दिवस कुणी माझ्याकडून काढून घेतले असते, तर मी त्याला माफ केलं नसतं. गुंडीचे तेच दिवस मी तुमच्यापासून लपवून घेतले. त्याची माफी मागायची म्हणून बसले होते, पण मागवत नाहीये.

तुमचा माणूस आला तर दार उघडणार नाही. लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची,
वहिनी


२७ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

माणूस येणार नाही. त्याला दहा तारखेलाच निरोप धाडला.

आईने नकला केल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी यायची तेव्हा सगळे कुजबुजत बोलायचे, आणि मला वाटायचं की माझ्या मागेही घरात तेच चालत असेल. तुझं पत्र मी ड्युटीवर वाचलं आणि मलमपट्टीच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. मला तुझा हेवा वाटला, वहिनी. आपल्या आईचे चांगले दिवस दुसऱ्याच्या वाट्याला गेले म्हणून मी तिथे बसून रडले.

आता चिठ्ठीत औषधाला औषध म्हणूनच लिही. लागतील तेवढे पैसे पाठवीन. माझे नियम माझ्यापाशी राहू देत.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. इतकं लांबलचक पत्र लिहिलंस, मशीनचा रंग लिहिलास, दादाचं पोट लिहिलंस. गुंडी आज कशी आहे ते मात्र एका ओळीतही नाही. चप्पल चावली ती हिवाळ्यात. त्यानंतरचं काय? मी पत्र चार वेळा शोधलं. तू अजूनही काहीतरी लपवते आहेस, असा मला दाट संशय आहे. या वेळी तरी तो खोटा ठरव.

उत्तराची वाट पाहते आहे. माया आहेच, म्हणून तर विचारते.

तुझी,
धाकटी


४ एप्रिल

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचा संशय खोटा ठरवता आला असता तर फार बरं झालं असतं.

मागचं पत्र लिहिलं तेव्हाच ती खायची बंद झाली होती. आता पाणीही नको म्हणते. मशीन थांबलं तरी मान वर करत नाही. काल डॉक्टर म्हणाले, आता सलाईनने काही होणार नाही, उगाच सुया. तिला सोडवायचं का, असं त्यांनी मला विचारलं. इतके महिने मी त्यांना मालकीण म्हणून स्वतःलाच सांगत आले. काल पहिल्यांदा तोंडातून निघालं की कुत्री माझी नाही, माझ्या नणंदेची आहे, तिला विचारावं लागेल. खरं म्हणजे मला हो म्हणता येईना, म्हणून मी तुमच्या नावाआड लपले.

आता ते चांगले दिवस राहिलेले नाहीत, वन्सं. हे मीच सांगते आहे. तुम्ही म्हणत होतात ते आजच्यासाठी खरं आहे. येत्या गुरुवारी त्यांनी बोलावलंय. तुमचा होकार आला की तुमचे दादा आणि मी घेऊन जाऊ. दादांना सगळं सांगितलंय. दुकान बंद ठेवून तिच्याजवळ बसलेत.

हे पत्र तातडीच्या टपालाने टाकते आहे. रागावू नका.

तुमची,
वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

नमस्कार वगैरे पुढच्या वेळी. हे पत्र औषधं आणणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तो उद्या सकाळी तिकडे पोहोचतो, थेट घरी आणून देईल.

होकार मागितलास. मी दुपारपासून तो लिहायचा प्रयत्न करते आहे. इतरांच्या बाबतीत मला हे किती पटकन सुचतं. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या मुकादमाच्या मुलाला मीच समजावलं होतं, आता पुरे म्हणून. आज हात पुढे सरकत नाही.

रजा गुरुवारपासूनची मिळाली. इथून बस गुरुवारी निघते, म्हणजे मी रात्री उशिरा पोहोचणार. डॉक्टरांना शुक्रवारचं विचार. ते म्हणतील, कशाला एक दिवस आणखी त्रास. त्यांचं बरोबर आहे, मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. गुरुवारी हवी तर शेवटची एक सलाईन लावून घे, दुखणं कमी करायचं औषध मागून घे, तिचं तोंड ओलं ठेव. पण मी येईपर्यंत तिला राहू दे.

मला माहीत आहे, यालाच ओढणं म्हणतात. ओढ, वहिनी. एवढा एक दिवस माझ्यासाठी ओढ.

तुझी,
धाकटी